गावंडेसाहेबांची शाबासकी

गावंडेसाहेब गेल्याची बातमी मला मानोऱ्याच्या बसमध्ये कळली. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "तुमचे ते कापसाचे साहेब वारले ना." मला उतरायचं कुठं, तेच सुचेना... महिना होत आला, अजून खरं वाटत नाही. फार जीव होता माझा या माणसावर.

सरकारी कापूस खरेदी नुकतीच सुरू झाली होती, तेव्हा मी मंगरूळच्या केंद्रावर हंगामी ग्रेडर म्हणून लागलो. गाडी आली की कापसात हात घालायचा, ओल, कचरा, धागा पाहायचा आणि प्रत सांगायची. गावंडेसाहेब आमचे मुख्य. माणूस महाकडक! चुकलं की सगळ्यांदेखत झाडायचे, आणि चांगलं केलं तर तोंडातून शब्द नाही. आम्ही म्हणायचो, यांची जीभ मिरचीवरच पोसली आहे.

आमचं किराण्याचं दुकान. दुकानदाराच्या पोरानं नोकरी करावी, याचीच बापूजींना लाज. त्यात मी त्यांच्या जुन्या दोस्ताचा पाणी मारलेला कापूस परत पाठवला. दोस्त दुकानात येऊन नाही नाही ते बोलून गेला. बापूजींनी बजावलं, उद्यापासून केंद्र बंद, गादीवर बसायचं. त्यांच्यापुढे बोलायची घरात कुणाची टाप नव्हती. मी रडकुंडीला आलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांची सायकल दुकानासमोर थांबली. झालं, आता चारचौघांत आपली धुलाई, म्हणून मी गुळाच्या भेल्यांमागं सरकलो. साहेबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गादीच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "शेठजी, तुमच्या दोस्ताचा कापूस यानं काहून परत केला, माहीत हाये? ओला होता म्हणून. ओळखीच्या माणसाले नाही म्हणणारा ग्रेडर मले आजवर भेटला नव्हता. घरच्या शिकवणीबिगर हे येत नाही. तेच तुमाले सांगाले आलो."

बापूजी बराच वेळ तराजूचं पारडं पुसत राहिले... मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उभा काय राह्यला? साहेब चालले, बस त्यांच्या मागं."

पुढे कळलं, ही त्यांची रीतच होती. धनजच्या एका हमालाच्या म्हाताऱ्या आईलाही ते असंच सांगून आले होते. वर पाठवायच्या अहवालात काय लिहायचे देव जाणे, आमचा खरा निकाल आमच्या चुलीपाशी लागायचा. एकदा धीर करून कारण विचारलं, तर खेकसले, "तुले सांगितलं तर तू चढशील. घरच्याइले सांगितलं तर तू टिकशील." आणि खरंच, त्यांच्या हाताखालचा एकही माणूस काम सोडून गेला नाही.

परवा त्यांच्या घरी भेटून आलो. काकूंनी चहा दिला, मुलांची चौकशी केली. मी निघालो तशा दारापर्यंत आल्या आणि जरा घुटमळल्या.

"घरी ते कामाचं कधी बोललेच नाही. भाऊ, आमच्या ह्यांचं काम कसं होतं?"

एवढ्या हंगामांत त्यांच्या दारी हे सांगायला कुणीच आलं नव्हतं. मी पायातल्या चपला पुन्हा काढल्या आणि आत जाऊन बसलो.