अनुमोदनाचा हात

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत आजवर एकही ठराव माझ्या अनुमोदनाशिवाय मंजूर झालेला नाही. पाण्याची टाकी असो, जिन्याचा रंग असो, अध्यक्ष कागद वाचतात, थांबतात, चष्म्यावरून सगळ्यांकडे बघतात आणि "अनुमोदन कोणाचं?" असं म्हणायच्या आत माझा हात वर असतो. ठराव काय होता ते मी ऐकलेलं नसतं. ऐकायचं कशाला? हात लवकर वर झाला की चहा लवकर येतो.

माझं शिक्षण चौथी. (त्या वेळची चौथी! आजच्या पदव्या तिच्यापुढे उभ्या राहायच्या नाहीत, असं मी म्हणतो. "आधी ती झाली होती का ते सांगा," असं आमची ही म्हणते.) आयुष्यभर पिठाची गिरणी चालवली, कुणापुढे मान खाली घातली नाही. आता गिरणी बंद आहे. मुलगा खराडीला कॉम्प्युटरवर काहीतरी करतो, सून बँकेत आहे आणि नात, सई, लिबरल आर्ट्सच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला.

तिथे नक्की काय शिकवतात ते मला कळलेलं नाही. सकाळी तत्त्वज्ञान, दुपारी संख्याशास्त्र, मधल्या वेळेत नाटक. "याचं पुढे होतं काय?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "आजोबा, याने माणूस विचार करायला शिकतो." नोकरीचं विचारलं, तर त्याचाही विचार करायला वेगळा तास असतो म्हणाली.

त्या तासाच्या मॅडमनी पालकांची सभा बोलावली. मुलगा आणि सून दोघांनाही सुट्टी मिळेना. मी जातो म्हटल्यावर सईचा चेहरा पडला. सगळं इंग्रजीत असेल, असं तिने मला दोनदा सांगून पाहिलं. मी म्हटलं, सभा ती सभा. सभेतलं मला शिकवू नकोस.

काचेची खोली, अंगावर गार वारा, पडद्यावर रंगीत चित्रं. मॅडम गोड आवाजात बोलत होत्या. शेजारचा माणूस मान हलवी तेव्हा मी हलवी, तो हसे तेव्हा मी हसे. (एकदा तो शिंकला, तेव्हा मात्र मी थांबलो.) सगळं ठीक चाललं होतं. मग मॅडमनी काहीतरी विचारलं, थांबल्या आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं. खोलीत एकदम शांतता. पालक आपापले बूट बघू लागले. ती शांतता, तो चष्मा! माझा हात आपोआप वर गेला.

"अनुमोदन," मी म्हणालो.

टाळ्या पडल्या. चहा मात्र आला नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

घरी सई कपाळाला हात लावून बसली होती. मुलांच्या लुटुपुटीच्या मुलाखती घ्यायच्या होत्या, पालकांपैकी कुणीतरी कंपनीचा साहेब होऊन बसायचं होतं आणि साहेब व्हायला अख्ख्या सभेतून एकच हात वर झाला होता! शिवाय ज्याची मुलाखत चांगली होईल, त्यालाच सगळ्यांत आधी खराडीच्या एका कंपनीत खऱ्या मुलाखतीला पाठवणार होते. सई वर्षभर त्याच जागेवर डोळा ठेवून होती.

"आजोबा, जमणार नाही म्हणून कळवा ना," ती अगदी काकुळतीला येऊन म्हणाली.

खरं तर सुटायची हीच वेळ होती. पण दिलेलं अनुमोदन मागे घ्यायचं? मी मान ताठ करून सांगितलं, "आपला हात वर गेला की खाली येत नाही."

त्याच संध्याकाळी माझ्या पोटात गिरणी सुरू झाली. भात जाईना, भाकरी जाईना. हिने विचारलं, "अहो, घाबरलात का?" मी म्हटलं, ॲसिडिटी आहे. जिन्यावरून पाय घसरून पडावं असंही मनात आलं, पण जिन्याला कठडा नुकताच बसवलेला. अनुमोदन माझंच! माझं अज्ञान उघडं पडेल त्याचं एक वेळ सोडा, पण सई आरशासमोर उभी राहून नाव सांगायची आणि स्वतःच्या नावावर अडखळायची. ते ऐकलं की माझी गिरणी आणखी जोरात फिरे.

मुलाच्या लग्नातला कोट घालून मी साहेबाच्या खुर्चीत बसलो. समोर इंग्रजी कागद आणि पाण्याची बाटली. बाटलीचं झाकण उघडेना. पहिला मुलगा आला आणि धडाधड इंग्रजी बोलू लागला. शेवटी तोंडातून गिरणीतला जुना शब्द बाहेर पडला, "पुढचा!"

बिचाऱ्याचं आडनावसुद्धा सांगून व्हायचं होतं. साहेब फार कडक आहेत, अशी बाहेर बोंब झाली. पुढची मुलगी लटपटतच आत आली. मी मला येत होता तो एकच प्रश्न विचारला, "घरी कोण कोण असतं?"

तिला मराठीची धास्ती होती. बराच वेळ छताकडे बघून ती म्हणाली, "घरी मम्मी असते. आणि... डॉग असते." मग आम्ही दोघं बाटलीकडे बघत बसलो. मुलाखत मराठीत आहे हे कळल्यावर बाहेरच्या मुलांनी आपापल्या आज्यांना फोन लावले.

आणि मग सई आली. पांढरीफटक. तिच्यामागून मॅडमही येऊन कोपऱ्यात बसल्या. मी कोटाच्या बाहीने कपाळ पुसलं.

"बसा," मी म्हणालो. (नातीला अहो-जाहो!) "घरी कोण कोण असतं?"

"आई, बाबा, आजी. आणि आजोबा."

"ते काय करतात?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "हात वर करतात."

"कशासाठी?"

"ते त्यांनाही माहीत नसतं. पण वर केला की खाली घेत नाहीत. आत्ता भीतीने त्यांना घाम फुटलाय, तरी खुर्ची सोडत नाहीयेत." जरा थांबून ती म्हणाली, "मलाही भीती वाटतेय, सर. पण मीही उठणार नाही."

पहिल्यांदाच तिचा आवाज अडखळला नव्हता. मॅडम भराभर काहीतरी लिहीत होत्या. मला खूप काही बोलायचं होतं. "पुढचा," मी म्हणालो, पण अगदी हळू.

खराडीला पहिलं नाव सईचं गेलं. ते सांगायला मॅडमनी पुन्हा पालकांची सभा घेतली. शेवटी त्यांनी काहीतरी विचारलं, थांबल्या, चष्म्यावरून बघितलं. तीच शांतता! पण आता मी शहाणा झालो होतो. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. आजूबाजूला हातच हात वर झाले. मी मात्र जागचा हललो नाही. टाळ्या पडल्या, आणि या वेळी चहासुद्धा आला.

दारात सई उभी होती. "आजोबा, मॅडमनी काय विचारलं कळलं का? पुढच्या वर्षी मुलाखती घ्यायला ज्यांना जमणार नाही, त्यांनी हात वर करा म्हणाल्या."

सध्या मी इंग्रजीच्या क्लासला जातो. बाईंनी शिक्षण विचारलं, मी मान ताठ ठेवून चौथी सांगितलं. त्यांनी माझ्याकडून दोन ओळी वाचून घेतल्या आणि मला पहिलीच्या पोरांत बसवलं.