तिच्या उशीच्या उंचीला

चित्रं फ्रेम करून लोकांच्या घरी टांगून द्यायची, हा पट्टीकाकांचा धंदा. पण भिंतीत खिळा ठोकायचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरायचं. "भिंतीनं काय घोडं मारलंय तुमचं?" असं ते भल्याभल्यांना तोंडावर विचारत. मग छताच्या हातभर खाली, खोलीभर एकदाच काय ती लाकडी पट्टी फिरवत. तिच्या कडेवर पितळी आकडे अडकवायचे, आकड्यांतून तार सोडायची आणि तारेला चित्र. आज इथं, उद्या तिथं. वर घ्या, खाली सोडा, भिंतीला ओरखडा नाही. या पट्टीवरूनच त्यांना ते नाव चिकटलं होतं.

त्यांची एक खोड होती. चित्र टांगलं, पाणसळ लावून सरळ केलं, तरी काम संपायचं नाही. जो माणूस ते रोज बघणार, त्याच्या जागेवर जाऊन बसायचे. आरामखुर्ची असो नाहीतर स्वयंपाकघरातलं स्टूल. एकदा दवाखान्यात चित्र लावलं आणि बघायला पेशंटांच्या बाकावर जाऊन बसले, तर नर्सनं हाताला धरून त्यांना आत नेलं आणि ब्लडप्रेशर मोजलं. ते वाढलेलं निघालं, हे वेगळं. घरी येऊन त्यांनी सांगितलं तेव्हा बायको इतकी हसली, की तव्यावरची भाकरी करपली.

त्यांच्या स्वतःच्या घरात चित्र एकच. नदीकाठ, पाण्याच्या रंगांनी काढलेला. कुणा चित्रकारानं फ्रेम करायला दिला आणि परत नेलाच नाही. काकूंना तो आवडला म्हणून झोपायच्या खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीवर लागला. पलीकडच्या काठावर एक बारीकसा ठिपका होता. काकू म्हणत, ती बाई आहे. काका म्हणत, खांब आहे. "बाई असती तर इतकी वर्षं गप्प उभी राहिली असती का?" यावर काकूंनी त्यांना लाटणं दाखवलं होतं.

मग काकू आजारी पडल्या. आधी भिंत धरून चालायच्या, मग खुर्चीत आल्या, मग पलंगाला खिळल्या. मान उशीवरून उचलवेना. चित्र आपलं वरच, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत.

"अहो, जरा खाली सोडा ना ते," एके दिवशी काकू म्हणाल्या. "मला नुसती भिंत दिसते."

"उठशील तेव्हा बघ."

"तोवर?"

"तोवर मला बघ. खाली-वर करत बसायला तो काय पाळणा आहे?"

"लोकांच्या खुर्च्यांत बसून बघता, आणि घरच्या माणसाच्या वेळीच कशी हो पाठ धरते तुमची?"

तार लांबवायला काकांना कितीसा वेळ लागला असता? पण चित्र उशीच्या उंचीला आणायचं म्हणजे ही आता उठणार नाही, हे आपल्याच हातानं कबूल करायचं. तेवढं सोडून ते सगळं करत होते. अंग पुसत होते, पेज भरवत होते, केस विंचरताना गुंता सोडवत होते. माहेरपणाला म्हणून आलेली आणि राहिलेली लेक म्हणायची, "बाबा, तुम्ही तर माझ्यापेक्षा बरी वेणी घालता." पण चित्राचा विषय निघाला की त्यांना बाहेर काहीतरी काम आठवायचं.

डॉक्टर येऊन गेले. दाराशी थांबून काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता कुठं हलवू नका. घरीच राहू द्या." त्या दुपारी काकांनी तारेचं नवीन भेंडोळं काढलं, शिडी लावली आणि चित्र खाली सोडलं. पार पलंगाच्या उंचीला.

"दिसतंय का?"

"दिसतंय," काकू म्हणाल्या. "छान दिसतंय."

उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यांनी बघणाऱ्याच्या जागेवरून चित्र बघितलं नाही. तिच्या उशीवर डोकं टेकवायचा त्यांना धीरच झाला नाही. रोज सकाळी तेवढं विचारायचे, "दिसतंय ना?" आणि काकू म्हणायच्या, "दिसतंय की."

एका दुपारी लेक आईशेजारी आडवी झाली. जरा वेळानं तिनं हाक मारली. "बाबा, इकडे या. यात काय दिसतं हिला? नुसती खिडकी दिसतेय."

काका आले. लेक उठली, ते तिच्या जागी आडवे झाले. काचेत समोरची खिडकी लख्ख उमटली होती. गज, आभाळ, शेजारच्यांची वाळत घातलेली चादर. नदी नाही, काठ नाही. काका तसेच पडून राहिले.

"आणि तू रोज दिसतंय म्हणत होतीस?"

"तुम्ही इतक्या जिवावर येऊन खाली आणलंत," काकू म्हणाल्या. "परत शिडीवर कुठं चढवू तुम्हाला?"

काका उठले. पडदा ओढून बघितला, तर खोलीबरोबर चित्रही अंधारात गेलं. फ्रेम वरून पुढं झुकवली, तर काचेत काकूंचीच पांढरी चादर दिसायला लागली. मग त्यांनी चित्र उतरवून मांडीवर पालथं घेतलं आणि मागच्या चुका, ते बारीक खिळे, पक्कडीनं उपटायला लागले.

"काच काढताय?" काकूंनी विचारलं. "अहो, धूळ बसेल. ओल धरेल. तुम्हीच सगळ्यांना ओरडता ना, पाण्याच्या रंगांना काच हवीच म्हणून?"

"हो."

"खराब होईल ते."

"होऊ दे."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. इतके महिने काहीही झालं तरी त्यांच्या तोंडी एकच वाक्य असायचं, तू उठशील तेव्हा. आज ते आलं नाही. लेक काच उचलून बाहेर घेऊन गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

काकांनी बिनकाचेचं चित्र तारेला अडकवलं, सरळ केलं. वळले तेव्हा डोळ्यांतलं पाणी पुसायचं राहून गेलं होतं.

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "आता दोघांनाही खोटं बोलायला नको."

काका तिथंच उभे.

"सरका की बाजूला. नदी सगळी तुमच्या धोतराआड गेली."

ते सरकले.