नातवाची खातरजमा

सीताबाईंचा विश्वास बसे तो डोळ्यांनी नव्हे, नाकानं. दूध आलं की आधी वास. नवी चादर आली की वास. लग्नाच्या जेवणावळीत भाजी वाढली की पहिल्या घासाआधी त्यांची मान किंचित खाली जाई, आणि शेजारच्या बायका घास हातात धरून त्यांच्या तोंडाकडं बघत बसत. एकदा गारगोटीच्या बाजारात त्यांनी तुपाचा डबा उघडायला लावला, हुंगला आणि दुकानदाराला म्हणाल्या, "पावणं, ह्यात म्हशीचं काय न्हाय, सगळं डालडाच हाय." दुकानदार चिडला, तोंडाला येईल ते बोलला, पण डबा त्यानं मुकाट आत नेऊन ठेवला.

दूधवाल्यापासून बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, उपाध्यांपर्यंत त्यांच्या संशयातून कुणी सुटलं नव्हतं. तरी माणूस वाईट नव्हे. संशय आला की तो फिटेपर्यंत त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे, आणि एकदा फिटला की त्या तो साफ विसरून जात. मग त्याच दूधवाल्याला बसवून चहा पाजत.

त्यांचा धाकटा नातू अभिनंदन. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतली चांगली नोकरी सोडून तो कारवारच्याही खाली, हळेबंदर नावाच्या समुद्रकाठच्या गावी गेला आणि लोकांना फळीवर उभं राहून लाटेवरून यायला शिकवू लागला. त्याला सर्फिंग म्हणतात, हे घरात सगळ्यांना पाठ झालं होतं. ते काय असतं हे मात्र कुणालाच नीट समजलं नव्हतं. त्याचा बाप विचारणाऱ्याला 'पोहायचे क्लास घेतोय' एवढंच सांगे.

सीताबाईंना फळीची काळजी नव्हती. ताटाची होती. जैनाचं पोर, आणि राहायला मासेमाऱ्यांच्या गावात!

त्यात ऐश्वर्याचं स्थळ आलं. मुलीचे आजोबा कल्लाप्पा हे सीताबाईंचे मावसभाऊ. त्यांनी फोनवर सरळच विचारलं, "सीताक्का, मला पोराचा पगार नको, पत्रिका नको. पोरगं मासं खायाला लागलंय का, एवढं सांग. तू व्हय म्हण न्हायतर न्हाय म्हण, तुझ्या शब्दावर बोलणी."

खोटं सीताबाई बोलणार नव्हत्या, आणि खरं त्यांना ठाऊक नव्हतं. नातवाला फोनवर विचारलं तर तो 'न्हाय' म्हणणार. फोनला वास नसतो.

"सांगते," त्या म्हणाल्या. "बघून सांगते."

त्यांनी कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आपला तांब्या आणि पाणी गाळायचं फडकं पिशवीत भरलं आणि एसटी गाठली. नातवाला कळवलं ते बेळगाव मागं पडल्यावर. आवरासावर करायला त्याला वेळ मिळू नये म्हणून.

"आज्जी, आदी सांगायचं की!" अभिनंदन फोनवर ओरडला.

"का रं? काय लपवायचं हाय व्हय?"

कारवारच्या स्टँडवर तो घ्यायला आला. काळाभोर झालेला, केस उन्हानं तांबूस, हसणं तेच. पाया पडायला वाकला तेव्हा सीताबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि अंदाज घेत श्वास आत ओढला. मासळी!

पण रिक्षालाही तोच वास होता. हळेबंदरात उतरल्यावर तर वाऱ्याला, भिंतींना, दोरीवरच्या कपड्यांना, सगळ्यालाच मासळीचा वास. रस्त्याकडेला जाळ्यांवर मासे वाळत पडलेले. इतक्या वर्षांत कधी दगा न दिलेलं नाक सीताबाईंना इथं काहीच सांगेना. या सगळ्या वासातून नातवाचा तेवढा वेगळा कसा काढायचा?

तो नागम्मा नावाच्या बाईच्या घरामागच्या खोलीत राही. नागम्माचा नवरा होडीवर जाई, ती मासळी वाळवून विके. सीताबाईंचं माहेर निपाणीकडचं, त्यामुळं कानडी त्यांना येत होती. पण नागम्मा "बा अम्मा, बा" म्हणत पुढं आली, तेव्हा सीताबाईंनी पदर नाकाला लावून नुसती मान हलवली.

खोलीत त्यांनी कानाकोपरा बघितला. डबे उघडले. तांदूळ, मूग, गूळ. घागरीच्या तोंडावर पाणी गाळायचं फडकं बांधलेलं होतं, स्वच्छ.

"आजच बांधलंस न्हवं?"

"आज्जी, रोजचंच हाय ते."

"व्हय तर." बेळगावपासून इथवर यायला लागलेला वेळ त्यांनी मनात धरला. तेवढ्यात दहा फडकी बांधून होतात.

दुपारी त्यांनी समुद्रावर त्याचं काम बघितलं. बंगळूरची पोरंपोरी फळीवर पालथी पडत, लाट आली की उभी राहत आणि लगेच धपकन पाण्यात जात. अभिनंदन त्यांच्या पाठीमागं कमरेइतक्या पाण्यात उभा राहून "आत्ता! ऊठ!" म्हणून फळी ढकले. लांब खडकाजवळ डॉल्फिन वर येऊन गेले, तशी सगळी किंचाळली. सीताबाई मात्र नातवाकडंच बघत होत्या.

रात्री न जेवण्याच्या जैनांच्या नेमाप्रमाणं दिवस मावळायच्या आधी त्यांनी चटणी-भाकरी काढली. "चल, जेवून घे."

"तू जेव, आज्जी. माझी बॅच हाय अजून."

त्याच्या वाटणीची भाकरी त्यांनी झाकून ठेवली आणि त्या आडव्या झाल्या. पहाटे उठून बघतात तर भाकरी नव्हती, ताट धुऊन पालथं घातलेलं होतं. म्हणजे अंधारात जेवला. रात्रीचं जेवायला लागला, तो आणखी काय काय खात असेल?

उजाडत होतं. सीताबाई णमोकार मंत्र म्हणत बसल्या होत्या, तोच अभिनंदन हळूच दार ओढून घेऊन बाहेर पडलेला दिसला. थोड्या वेळानं खिडकीतून बघतात तर तो वाळूतून परत येतोय, हातात ओल्या पोत्यानं झाकलेली टोपली. खोलीकडं न वळता तो सुरूच्या झाडांकडं गेला. सीताबाई पदर खोचून मागोमाग निघाल्या.

झाडांपलीकडं जाळीचं कुंपण होतं. आत अभिनंदन वाळूत खड्डा खणत होता. सीताबाईंनी जाऊन पोतं उचललं. टोपलीत ओल्या वाळूवर गोल, पांढरी अंडी होती. टोपलीभर.

"अभ्या!"

तो दचकला. "आज्जी, थांब, हात लावू नकोस."

"मी हात लावू? तू काय लावलायस? ह्याच्यासाठी नोकरी सोडलीस? अंडी इकतोस?"

"इकत न्हाय, आज्जी. पुरतोय. कासवाची हायत."

"आणि मी येडी!"

"खरंच. रात्री कासवीण येऊन किनाऱ्यावर घालून जाती. कुत्री उकरून खात्यात, माणसं पण नेत्यात. म्हणून फॉरेस्टवाल्यांनी हे कुंपण केलंय. नागम्मा आणि मी आणून हितं पुरतो. पिल्लं निघाली की समुद्रात."

"मग काल का न्हाय बोललास?"

"अंडी म्हटल्यावर तू फुडचं ऐकलं असतंस?"

हे खरं होतं, म्हणूनच सीताबाईंना पटलं नाही. "दाखव पिल्लं," त्या म्हणाल्या.

"अशी मागितल्यावर निघतात व्हय ती?"

त्या तशाच उभ्या राहिल्या. एवढ्यात कुंपणाच्या त्या टोकाकडून नागम्मा कानडीत हाका मारू लागली. तिथल्या जुन्या खड्ड्यातली वाळू मधोमध खचली होती, आणि तिच्यातून रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, काळी पिल्लं एकमेकांच्या अंगावरून वर येत होती.

अभिनंदननं ती टोपलीत घेतली, पाण्यापासून थोडं अलीकडं ओल्या वाळूवर सोडली आणि तो मागं सरला. त्यांनी आपलं आपण चालत जायचं असतं, म्हणाला. पिल्लं हातपाय मारत निघाली. सुरूवरून कावळे उतरले, तशा सीताबाई पदर हलवत धावल्या. "हाड! हुस्स! मेल्यांनो!" शेवटचं पिल्लू लाटेनं उचलून नेईपर्यंत त्या कावळ्यांवर नजर ठेवून होत्या.

परतताना मात्र पुन्हा संशयानं डोकं वर काढलं. कासवं वाचवणारा मासे खात नाही, असं थोडंच आहे? नागम्मा स्वतः मासळी विकते आणि पिल्लंही सोडते.

विहिरीपाशी सीताबाईंनी तिला कानडीतच गाठलं. "खरं सांग. माझा नातू तुझ्या घरचं काय खातो?"

नागम्मा खळखळून हसली. "आमच्या घरचं? आमच्या तव्यावरची भाकरी चालत नाही त्याला. आला तेव्हा मी त्याला हाकलूनच देणार होते, अम्मा."

"का?"

"रोज पहाटे विहिरीचं पाणी काढायचा, फडक्यानं गाळायचा. इथवर ठीक. मग ते फडकं उलटं करून त्याच्यावर पाणी ओतायचा आणि ते घाण पाणी बादलीनं परत माझ्याच विहिरीत सोडायचा! मला वाटलं, हा काहीतरी करणी करतोय. मी केवढी भांडले! तर म्हणतो, फडक्यात बारीक जीव अडकतात, ज्या विहिरीतले त्याच विहिरीत गेले पाहिजेत. बादली तळाला टेकवून हळूच उलटी करायची म्हणे. आज्जीनं शिकवलंय."

सीताबाई विहिरीच्या काठावर बसल्या. फडकं एका दिवसात बांधता येतं. पण त्यावरून घरमालकिणीशी झालेलं भांडण कुठून आणणार?

तोवर अभिनंदन मागून येऊन खाली मान घालून उभा राहिला होता. "आज्जी, मासं न्हाय, अंडं न्हाय. पण बॅच असली की रात्रीचं जेवतो. तेवढं पाळणं होत न्हाय."

"ठाऊक हाय. ताट बघितलं मी," सीताबाई म्हणाल्या. "हात धुतलास का अंड्याचं? धू. आणि फोन लाव कल्लाप्पाण्णाला."

फोन लागला. "अण्णा, मासं न्हाय खात, अंडं न्हाय खात. हा माझा शब्द. पण दिवस बुडाल्यावर जेवतोय. ते पण ऐकून ठेव, मागनं म्हणू नकोस."

पलीकडून कल्लाप्पांनी सावकाश विचारलं, "सीताक्का, नीट बघितलंस न्हवं? का नातू म्हणून बोलतीस?"

अभिनंदनला वाटलं, आता आज्जी भडकणार. पण सीताबाई हसल्या. हा प्रश्न त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना विचारला होता, आणि तो त्यांना बरोबरच वाटला.

"मग ये की बघायला," त्या म्हणाल्या. "ऐश्वर्याला पण आण. पण डोळं उघडं ठेवून ये, हितं नाकाचा काय उपयोग न्हाय. आणि येताना कडक भाकरी आण. माझ्या संपत आल्यात."