एक बिस्कीट की दहा नाणी?

मैत्रिणींनो, आज इथे सौदीत, यान्बूच्या सोन्याच्या दुकानात आमचं नवरा-बायकोचं भांडण झालं. पुढच्या वर्षी इथली नोकरी संपवून आम्ही कायमचे भारतात परत जाणार. म्हातारपणासाठी सोनं घ्यायचं ठरलं होतं.

"एकच मोठं बिस्कीट घे, ग्रॅममागे स्वस्त पडतं," हे म्हणाले. हिशोब बरोबर होता. तरी मी दहा छोटी नाणी घेतली.

नाणी तळहातावर आली आणि आईची पुतळ्यांची माळ आठवली. माझी कॉलेजची फी भरायची वेळ आली की आई माळेतली एक सोन्याची पुतळी विकायची आणि तिच्या जागी लाल मणी ओवायची. मी बीएस्सी झाले तेव्हा माळेत नुसते मणीच उरले होते. पदवीदानाला ती तीच माळ घालून, पदर सारखा करून, पुढच्या रांगेत बसली होती.

घरी येऊन बारावीतल्या लेकीला बजावलं, "ही आमच्या म्हातारपणाची. कुणीही मागायची नाहीत."

"ओके मम्मी, चिल!"

हे हसायला लागले. "मग सुटी सुटी कशाला घेतलीस गं?"

मी भात लावायला निघून गेले. तुम्ही काय उत्तर दिलं असतं?