बिरूमामाचा कान

नव्या पेठेतल्या त्या बोळात कॉम्प्युटर दुरुस्तीची सात दुकानं आहेत आणि आठवं बिरदेव वाघमोड्याचं. दुकान कसलं, महिपतीच्या झेरॉक्सच्या दुकानात कोपऱ्यात मांडलेलं एक टेबल. पण एखाद्याचा कॉम्प्युटर घरघरायला लागला की साती दुकानवाले त्या टेबलाकडंच बोट दाखवतात. कॉम्प्युटरच्या डब्यात मागच्या अंगाला एक लोखंडी पेटी असते. घरची वीज घेऊन ती आतल्या सगळ्यांना सोसेल तेवढी वाटून देते. तिला एसएमपीएस म्हणतात आणि डब्यातला निम्मा कालवा तिचाच असतो. तो कालवा बंद करण्यात बिरूमामाचा हात धरणारा सोलापुरात कुणी नाही, असं महिपती गिऱ्हाइकाला न विचारता सांगतो.

मामाची पद्धतही बघण्यासारखी. डबा सुरू करायचा, डोळे मिटायचे, पत्र्याला उजवा कान लावायचा आणि वैद्यानं नाडी बघावी तसं मिनिटभर गप्प राहायचं. मग निकाल. "पंख्याचं बुश गेलंय." किंवा, "वायर जाळीला घासतीया." उघडून बघावं तर तसंच निघायचं. गिऱ्हाईक चाट पडलं की मामा मिशीत हसायचा. अठराव्या वर्षी माळशिरसकडनं तो सोलापुरात आला आणि बारा वर्षं टॉवेलच्या कारखान्यात मागावर राबला. "शंभर माग खडाखडा चालायचे. त्यात आजारी कुटला ते मी दारातनं सांगायचो. कान तितं तयार झाला," हे तो इतक्यांदा सांगायचा, की महिपतीला पाठ झालं होतं. माणसाला कशाचा ना कशाचा गर्व लागतोच. बिरूमामाला कानाचा होता.

एप्रिलात जुळे सोलापुरातून भार्गवीताईंचा फोन आला. ताई शाळेत मराठी शिकवतात आणि सुट्टीत अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. त्यासाठी दारं-खिडक्या लावून, डोक्यावरचा पंखा बंद करून बसायचं. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे म्हणजे तपच की. बारावीचं इतिहासाचं अर्धं पुस्तक वाचून झालं होतं आणि मुलांकडून निरोप आला होता, "ताई, मागं बारीक किर्रर्र आवाज येतो, डोकं दुखतं." पुस्तक जूनच्या आत मुलांच्या हातात पडायचं होतं.

मामा गेला. कान लावला. पंखा जरासा घरघरत होता. त्यानं एसएमपीएस उघडली, धूळ झाडली, पंख्याचं स्टिकर सोलून आत शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. डबा गार पडल्यागत गप्प झाला.

"आता बघा. हाय का कुटं आवाज?"

"घरघर गेली, मामा," ताई म्हणाल्या, "पण किर्रर्र आहे तसंच आहे."

मामानं परत कान लावला. त्याला काहीच ऐकू आलं नाही. ताईंचे वडील बापूसाहेब, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, तेही उठून आले, वाकले आणि म्हणाले, "छे! काहीसुद्धा नाही. हिचं आपलं काहीतरीच असतं." दोन पिकल्या केसांनी मिळून एकीला खोटं पाडलं. मामा खुशीत घरी गेला.

चार दिवसांनी पुन्हा फोन. या वेळी मामानं अख्खी नवी एसएमपीएस बसवली. ताईंनी कपाळाला हात लावला. "मामा, ही तर जास्तच ओरडतेय!" ओरडतेय? मामाच्या कानाला तर ती पाळण्यातल्या पोरागत झोपलेली वाटत होती. त्यानं मुकाट जुनी परत बसवली. मनात म्हटलं, शिकलेल्या बायकांच्या कानात आधीपासनंच काहीतरी वाजत असणार.

तिसऱ्या खेपेला ताईंनी वाद घातला नाही. त्यांनी मोबाईल डब्याशेजारी ठेवला. त्यात आवाजाचं चित्र उमटत होतं. जाडे आवाज खाली, बारीक आवाज वर. ताई बोलल्या की खाली ढग उठायचे. आणि वर, पार माथ्याजवळ, एक पांढरी रेघ सरळ चालली होती. ताईंनी कॉम्प्युटर बंद केला. रेघ तुटली. सुरू केला, रेघ पुन्हा सुरू झाली.

"हाच तो आवाज," ताई म्हणाल्या. "येतोय ना ऐकू?"

मामा रेघेकडं बघत राहिला. इतक्या वर्षांत त्याला कशाची भीती वाटली नव्हती तेवढी त्या रेघेची वाटली. "उद्या येतो, ताई. एक वस्तू आणायची ऱ्हायली," असं काहीतरी पुटपुटून त्यानं पिशवी उचलली.

घरी बायको अनसूया ताट वाढत होती. मामा भाकरीला हात लावीना.

"अनसूये, मला कमी ऐकू येतं का गं?"

तिनं परात खाली ठेवली. येऊन त्याच्या समोर बसली. "व्हय," म्हणाली. "धा वर्सं झाली. जाडा आवाज येतो तुमाला. बारीक न्हाय येत. दारावरची बेल मी का बदलून आणली? पयली पाखरागत वाजायची, तुमाला पत्ता लागायचा न्हाय. पोस्टमन परत जायचा."

"मंग इतकी वर्सं मूग गिळून बसलीस व्हय?"

"समदी पेठ तुमच्या कानाचं कवतिक करती. तुमी घरी येऊन सांगता, तवा तोंड कसं फुलतं तुमचं. त्यावर पानी मी वतू?"

मामाला आधी राग आला. मग तो राग कुणावर काढावा ते कळेना. ज्या मागांनी कान तयार केला असं तो गावभर सांगत होता, त्यांनीच तो कुरतडला होता आणि त्याला पत्ताही लागू दिला नव्हता. कारखान्यातले जोडीदार आठवले. सगळे आता मोठ्यानं बोलतात, सगळ्यांच्या टीव्हीचा आवाज रस्त्यावर येतो. तो त्यांना हसायचा. आणि ही बाई दहा वर्षं बोलायचं असलं की समोर येऊन बसत होती. त्याला लाज वाटली, आणि तिच्याविषयी माया दाटून आली.

"उद्या काय करनार?" तिनं विचारलं.

"ठावं न्हाय," तो म्हणाला. "ऐकू येत न्हाय म्हनलं तर धंदा बसला. येतं म्हनलं तर त्या आंधळ्या पोरांचं डोस्कं दुखनार."

अनसूयेनं भाकरी तेवढी पुढं सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाताना त्यानं पंपाच्या मोटारींत तांब्याची तार भरून देणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून बाटलीत थोडं व्हार्निश घेतलं. ताईंच्या दारात चपला काढता काढताच त्यानं सांगून टाकलं, कारण आत गेल्यावर धीर झाला नसता.

"ताई, तुमी म्हनता त्यो आवाज हाय. पर मला त्यो ऐकू येत न्हाय. माझे कान गेल्यात तेवढ्यापुरते. तुमी शेजारी बसून सांगनार असाल तर काम करतो. न्हाय तर दुसरा मानूस बगा."

आरामखुर्चीत पेपर वाचणाऱ्या बापूसाहेबांनी पेपर आणखी वर धरला. ताई पुढं आल्या. मग खुर्ची ओढून म्हणाल्या, "मी बसते. कुठं बघायचं?"

"बगू नका. डोळं मिटा. आन् हात लावू नका कशाला."

उघडी एसएमपीएस चालू ठेवून आत हात घालणं म्हणजे जिवाशी खेळ. जुन्या लोकांनी शिकवल्याप्रमाणं मामानं डावा हात पाठीमागं बांधल्यागत धरला आणि उजव्या हातात बांबूची कोरडी काडी घेतली. आत तांब्याची तार गुंडाळलेली कॉइलची वेटोळी होती. त्यांतलंच एखादं ढिलं होऊन विजेसरशी थरथरत असणार, एवढं त्याला ठाऊक होतं. कुठलं, ते या खेपेला त्याचा कान सांगणार नव्हता.

पहिल्या वेटोळ्यावर त्यानं काडी दाबली. "आहे," ताई म्हणाल्या. दुसऱ्यावर. "आहे." तिसऱ्यावर. "आहे, बदलला जरा." मामानं काडी थोडी सरकवली, त्याच वेटोळ्याच्या कडेला टेकवून दाबली.

"गेला!" ताई ओरडल्याच. "मामा, गेला! सोडा बरं. हां, आला. दाबा. गेला!"

मामाला त्या 'आला' आणि 'गेला'मध्ये काडीइतकाही फरक जाणवत नव्हता. तो ताईंच्या मिटल्या डोळ्यांकडं बघत होता. काडी दाबली की कपाळावरची आठी मिटायची, उचलली की परत पडायची. मग त्यानं वायर काढली, एसएमपीएसमधली उरलीसुरली वीज उतरवली आणि ढिली तार जागच्या जागी चिकटून बसावी म्हणून त्या वेटोळ्यात थेंब थेंब व्हार्निश मुरवलं. दिवसभर ते वाळू दिलं. संध्याकाळी डबा सुरू केला तेव्हा मोबाईलवर वरची जागा मोकळी होती. रेघ नव्हती. ताईंनी पंखा बंद केला आणि तिथल्या तिथं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

सोमवारी महिपतीकडं एक म्हातारा गिऱ्हाईक आला, डबा टॉवेलात बांधून. महिपतीनं नेहमीचं सुरू केलं. "आजोबा, बरोब्बर जागी आलात. आमचा बिरूमामा नुसता कान लावतो आणि..."

"कान लावून भागायचं न्हाय आता," मामा मध्येच म्हणाला. बोळातली दोन दुकानं ऐकत होती. "मला बारीक आवाज ऐकू येत न्हाय, आजोबा. कसला आवाज येतोय तुमच्या डब्यातनं?"

महिपतीचं तोंड उघडं ते उघडंच. म्हातारा मात्र खुर्चीत जरा पुढं सरकला.

"मला तरी कुटं येतो?" तो हळूच म्हणाला. "सून म्हनते, किरकिर होते, लेकराला झोप लागत न्हाय. मी म्हनलं, खोटं बोलती."

"खोटं न्हाय बोलत ती," मामा म्हणाला. "उद्या तिलाच घेऊन या. हितं माझ्या शेजारी बसवू."