हेमलतावहिनींचा नकार

पीण्या या कानडी औद्योगिक वस्तीतल्या आमच्या इमारतीत तीस वर्षांत हेमलतावहिनींनी कुणाला ‘नाही’ म्हटल्याचं मला आठवत नाही. निपाणीहून लग्न होऊन आल्या तेव्हापासून सगळ्याला एकच कानडी उत्तर, ‘सरी’, म्हणजे ‘बरं’. त्यामुळे स्तनातल्या गाठीचं ऑपरेशन ठरलं आणि त्या ‘नको’ म्हणाल्या, ते घरच्यांना आधी ऐकूच आलं नाही.

मग सगळे कारण शोधायच्या मागे लागले. त्यांचे यजमान पद्माकर म्हणाले, बायको चाकूला घाबरते. मुलगा प्रणीत नेटवर वाचून आला की, बायकांना शरीर बिघडण्याची धास्ती असते. ते आईला समजावताना बिचारा घामाघूम झाला. डॉक्टरांनी कन्नडमध्ये, चित्र काढून सांगितलं की उशीर केला तर जिवावर बेतेल. वहिनींनी चित्राचं कौतुक केलं.

खुद्द त्यांनाच कारण विचारावं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, सांगायला लाज वाटते. मी एक नवस बोलून मोकळी झाले होते.

शेवटी विचारलं ते अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या सासूबाईंनी. मी तिथंच बसले होते.

"का गं, नको का म्हणतीस?"

"ऑपरेशननंतर त्या बाजूच्या हातानं जड उचलायचं नाही म्हणे," वहिनी म्हणाल्या. "मग तुम्हाला कोण उचलणार?"

सासूबाईंना दिवसातून पाच वेळा वहिनीच उचलून न्हाणीत नेत. बाईमाणसाला घरच्या बाईनंच हात लावावा, हा म्हातारीचा नेम. परकी बाई नको, पोटचा मुलगाही नको. बापलेकांना हा नेम फारच मानवला होता. प्रणीत जिममध्ये ऐंशी किलो उचलून फोटो टाकायचा. आजी बेचाळीस किलोंची. मला असा संताप आला की बोलायची सोय नव्हती.

सासूबाईंनी नातवाला हाक मारली. "ये इकडं. उचल मला."

तो आला आणि नुसताच उभा राहिला. धरायचं कुठं, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

"एक हात पाठीखाली, एक गुडघ्याखाली," वहिनी म्हणाल्या. "स्वल्प हळू."

म्हातारीनं लाजेनं पदर तोंडावर ओढला आणि पदराआडूनच म्हणाली, "हेमा, बघत काय राहिलीस? दवाखान्यात फोन लाव."

गाठ कळल्यापासून वहिनी पहिल्यांदाच रडल्या. प्रणीत आजीला हातांवर घेऊन, आता हिला कुठं ठेवू, म्हणून विचारत राहिला.