कार्डखात्यातला गुरप्पा

कुंभारीचा गुरप्पा सोलापूरच्या मिलमध्ये पळत जायचा, पण हौस म्हणून नव्हे. पहिल्या पाळीचा भोंगा सातला व्हायचा आणि अक्कलकोटकडून येणारी एसटी कधी गच्च भरून यायची, कधी यायचीच नाही. दोनदा खाडा पडल्यावर जॉबरनं, म्हणजे खात्याच्या मुकादमानं, दम भरला, तेव्हापासून त्यानं एसटीची वाट बघणं सोडून दिलं. धोतराचा काचा मारायचा, चपला हातात घ्यायच्या आणि सहा मैल सुटायचं. हळूहळू त्याला त्याचीच गोडी लागली. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तो उजाडायला उठून वळसंगच्या बाजूला पळून यायचा. गाव म्हणायचं, येड लागलंय. त्याची बायको चंद्रव्वा म्हणायची, "पळंनात की. कुणाच्या घरातनं तर पळत न्हाईत."

मिलमध्ये त्याला चिकटवलं होतं चंद्रव्वाच्या थोरल्या भावानं, बसलिंगप्पानं. दोघंही कार्डखात्यात. पिंजलेल्या कापसाचे पेळू काढणारी यंत्रं तिथं चालायची. आत शिरलं की समोरचा माणूस धुक्यात उभा असल्यासारखा दिसायचा आणि पाळी सुटेपर्यंत भुवया, मिशा, कानावरचे केस पांढरे व्हायचे. बसलिंगप्पा त्या धुळीत एकवीस वर्षं उभा होता, गुरप्पा अकरा.

बसलिंगप्पाचं दुखणं सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी यायचं. एक दिवस मोकळी हवा खाऊन तो परत खात्यात गेला, की दुपारपर्यंत छातीवर जातं ठेवल्यासारखं व्हायचं. आधी ते संध्याकाळी सुटायचं. मग दोन दिवसांनी सुटायला लागलं, मग आठवडाभर सुटेना. चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत त्याला मिलचा जिना चढताना मध्येच बसावं लागलं. खात्यात असे आणखी नऊ-दहा जण होते. युनियनच्या रामहरीनं त्यांची यादी केली आणि अर्ज दिला: खात्यात धूळ ओढणारे पंखे बसवा, छाती धरलेल्या माणसांना दुसऱ्या खात्यात घ्या. मॅनेजरसाहेबांनी अर्ज ठेवून घेतला.

त्याच सुमाराला मिलचे लेबर ऑफिसर आबासाहेब यांनी गुरप्पाला केबिनमध्ये बोलावलं.

"तू कुंभारीहून पळत येतोस म्हणे."

"व्हय साहेब."

"जानेवारीत शर्यत आहे. तामलवाडीपासून तुळजापूर, एकवीस किलोमीटर. अर्धी मॅरेथॉन म्हणतात तिला. शेवटी घाट आहे. मिलतर्फे पळशील?"

गुरप्पा चौतीस वर्षांचा होता. तुला काय येतं, असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यानं हो म्हटलं. मिलनं कॅनव्हासचे बूट दिले आणि छातीवर मिलचं नाव छापलेला बनियन दिला. चंद्रव्वानं तो बनियन दोनदा धुतला, कडक उन्हात वाळवला आणि घडी घालून देवाजवळ ठेवला.

एक गोष्ट मात्र त्यानं तिलाही सांगितली नव्हती. वर्षभरापासून सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी त्याचाही घसा खवखवायचा, बरगड्यांत काहीतरी आवळून यायचं. पळून आल्यामुळं होत असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती.

शर्यतीला चाळीसएक गडी होते, बहुतेक कॉलेजातले. सुरुवातीची सडक त्याच्या रोजच्या सडकेसारखीच, दोन्ही बाजूंना ज्वारी आणि मधूनमधून बाभळी. समोरून गार वारा होता. तो कुणाच्या नादी न लागता आपल्या चालीनं पळत राहिला आणि घाटाच्या पायथ्याला आला तेव्हा सातवा होता. तिथं मैलाच्या दगडावर बसलिंगप्पा बसला होता. मालट्रकनं तो पहाटेच येऊन थांबला होता. त्यानं तांब्या पुढं केला.

"गुळणी कर, पिऊ नगं. आन तोंड मिटून चढ."

"अण्णा, किती हायत म्होरं?"

"सा जण. दोघं लंगडायला लागल्यात. जा."

पहिलं वळण त्यानं झोकात घेतलं. दुसऱ्या वळणावर छाती बंद झाली. दमल्यावर होतं तसं ते नव्हतं. दम लागणं त्याला चांगलं ठाऊक होतं. हवा आत जात होती आणि बाहेर येत नव्हती. अण्णा जसं सांगायचा, अगदी तसंच. कठड्याला धरून तो वाकला आणि खोकत राहिला. खाली सोलापूरकडचा सगळा सपाट मुलूख उन्हात पसरला होता. आपल्यालाही तेच लागलंय, हे त्याला तिथं कठड्याशी कळलं. कळलं, तरी त्यानं बनियननं तोंड पुसलं, वीसेक पावलं चालला आणि पुन्हा पळू लागला. उरलेला घाट त्याला कधी आठवला नाही. वर पोचला तेव्हा तो चौथा होता.

आबासाहेबांनी त्याला हार घातला. "मिलचा वाघ," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. फोटो निघाला आणि काचेत बसवून मिलच्या फाटकाशी लावला गेला. पाळी बदलताना लोक तिथं थांबायचे. गुरप्पा मान खाली घालून पुढं जायचा, पण पाऊल थोडं सावकाश टाकायचा.

मार्चमध्ये रामहरीच्या अर्जावर चौकशी आली. मुंबईहून एक डॉक्टर आले. त्यांनी आजारी माणसं तपासली, मग मॅनेजरांनी गुरप्पाला आत बोलावलं. टेबलावर तो फोटो ठेवलेला होता.

"हा त्याच खात्यातला, डॉक्टर. अकरा वर्षं. आणि हा घाट चढतो," मॅनेजर म्हणाले.

डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं. आठवड्यातला मधला वार होता, छाती त्या दिवशी मोकळी होती.

"खोकला येतो?"

"न्हाय साहेब."

"सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते?"

गुरप्पानं फोटोकडं बघितलं. त्यात शेजारी आबासाहेब हसऱ्या तोंडानं उभे होते.

"न्हाय."

"नक्की?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय साहेब. कायबी न्हाय."

पुढं कितीतरी दिवस तो स्वतःला विचारत राहिला, की आपण असं का बोललो. नोकरीची भीती होतीच. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा ते वाघ म्हणणं सोडवेना.

अहवाल आला तो रामहरीनं फाटकाशी वाचून दाखवला. धुळीचा अपाय सिद्ध होत नाही. त्याच खात्यातला कामगार एकवीस किलोमीटरची डोंगरी शर्यत पळतो. वाचून झाल्यावर रामहरीनं कागदाची घडी घातली. गुरप्पाला कुणी शिवी दिली नाही. चहाच्या सुट्टीत तो बाकावर बसला, की बाकीचे उठून जायचे, इतकंच.

पावसाळ्यात बसलिंगप्पाला अनफिट ठरवून घरी पाठवलं. तो कुंभारीत ओसरीवर उशांना टेकून बसायचा, कारण आडवं झालं की श्वास अडकायचा. आठ दिवस टाळून गुरप्पा शेवटी त्याच्यापुढं जाऊन बसला.

"अण्णा, मलाबी तेच हाय. घाटातच कळलं मला. आन डाक्टरला मी न्हाय म्हनलो."

बसलिंगप्पा उशीवरनं जरा पुढं सरकला.

"घाटात तुजा खोकला आयकला मी," तो म्हणाला. "खालपत्तुर आला."

"मग बोलला न्हाईस त्ये?"

"मला वाटलं, तू बोलशील."

चंद्रव्वा दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. घरी जाऊन चूल पेटवल्यावर ती नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "माज्या भावानं तुमाला हाताला धरून न्हेलं हुतं तितं."

दुसऱ्या दिवशी गुरप्पा आबासाहेबांकडं गेला. "साहेब, मी खोटं बोललो. लिवून घ्या."

आबासाहेबांनी दार लोटून घेतलं. त्यांचा आवाज मऊ होता. "फाइल मुंबईला गेली, गुरप्पा. आता तू आजारी म्हणालास तर तुलाही काढावं लागेल. घरात तीन लेकरं आहेत ना? जा, कामावर जा."

गुरप्पा कामावर गेला.

शहात्तरच्या उन्हाळ्यात बसलिंगप्पा बसल्या जागीच गेला. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्याला बसवून पुरायचं होतं. खड्डा खणायला गुरप्पा सगळ्यांत आधी उतरला. कमरेएवढं खणून होईतो त्याची छाती भरून आली आणि तो कुदळीवर वाकून खोकू लागला. वर उभे असलेले मिलमधले लोक बघत राहिले. मग रामहरी खाली उतरला, त्याच्या हातातली कुदळ घेतली आणि खणायला लागला.

त्या पावसाळ्यात रामहरीनं दुसरी यादी केली. पहिलं नाव गुरप्पानं स्वतःच्या हातानं लिहिलं. दीड वर्षानं दुसरे डॉक्टर आले, तेव्हा विचारलं त्याहून त्यानं जास्त सांगितलं: घाटातलं दुसरं वळण, कठडा, आणि मागच्या डॉक्टरांना दिलेलं उत्तर. हे सांगताना त्याला तीनदा थांबावं लागलं. डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं. महिन्याभरात मिलनं त्याला अनफिट ठरवलं.

पंखे एकोणऐंशीत बसले, तेही अर्ध्याच खात्यात. रामहरी ही बातमी सांगायला मुद्दाम कुंभारीला आला. गुरप्पानं विचारलं, कुठल्या अर्ध्यात. रामहरीनं सांगितलं, फाटकाकडच्या. बसलिंगप्पाची आणि त्याची जागा दुसऱ्या अर्ध्यात होती. तिथं आता दोन नवे गडी उभे होते.